पुण्याहून नागपुरात बदली झालीय, ५ आणि ८ वर्षांचे दोन मुलगे आहेत. इथे मार्च ते जून मुलांना कसं सांभाळता? शिबिरात घालू का, एसी घेऊ का?

एसीचं शेवटी सांगते, आधी कूलरचं, कारण तुम्ही लिहिलंय की घरमालकाने खिडकीत कूलर लावून दिलाय आणि पोरं दिवसभर अनवाणी धावतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या की मला धडकी भरते. आम्ही मानेवाड्याला राहतो, माझे दोघे ६ आणि ९ चे, सासूबाई सोबत असतात, मी आणि नवरा दोघंही नोकरीवाले, त्यामुळे जे सांगतेय ते रोजचंच आहे.

तर कूलर. पत्र्याची बॉडी, आत पाण्याचा पंप, खाली ओली फरशी आणि त्यावर उघडे पाय. पंपाची वायर कुठे सोलली गेली असेल तर सगळ्या पत्र्यात करंट उतरतो, आणि कूलरचा शॉक लागून कोणी गेल्याची बातमी विदर्भातल्या पेपरात दर उन्हाळ्यात येतेच येते. म्हणून मार्चमध्येच इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या, घरमालक पैसे देत नसेल तर स्वतःचे घाला पण बसवा. आमच्याकडे पाणी भरायची एक पद्धतच ठरलीय, प्लग मी काढते, काढलेला प्लग हातात धरून दोघांना दाखवते, धाकटा जोरात ओरडतो "निघाऽऽला", आणि मगच मोठा बाहेरचा नळ सोडतो. प्लग दिसल्याशिवाय नळ सोडायचा नाही. आता हे इतकं अंगवळणी पडलंय की मागे नवरा घाईत नुसतं बटण बंद करून पाणी भरायला गेला तर धाकट्याने त्याला खिडकीपाशीच अडवलं, बाबा प्लग दाखवा म्हणाला. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून आतून घासायची, कारण डेंगूच्या डासाला अंड्यातून उडेपर्यंत साधारण ८-१० दिवसच लागतात. ते पाणी झाडांना घाला, घासायचं काम पोरांना द्या (प्लग काढून अर्थात), भिजायला मिळतं म्हणून आनंदाने करतात.

आता महिन्यांचं. नवीन आलेल्या माणसाला इथे सगळे मे महिन्याची भीती घालतात, पण फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च इतका छान असतो की मला तर वर्षातला तोच काळ आवडतो. गाडी काढा आणि हिंगण्याच्या पुढे किंवा अमरावती रोडने जरा बाहेर पडा, पळस पेटलेला असतो सगळीकडे, पान एक नाही, नुसती केशरी फुलं. पोरांना खाली पडलेली फुलं गोळा करायला लावा, घरी आणून पाण्यात उकळायची आणि रात्रभर तशीच ठेवायची, सकाळी पिवळा केशरी रंग तयार. पुण्यात तुम्ही रंगपंचमीला खेळत असाल, इथे धुळवडीलाच खेळून मोकळे होतात, तेव्हा त्या दिवशी बाहेर जायचे प्लॅन करू नका. आणि होळीच्या आधी चाकोल्या! शेणाच्या छोट्या छोट्या चकत्या थापायच्या, मधे बोटाने भोक पाडायचं, वाळल्या की सुतळीत ओवून माळ करायची आणि होळीला घालायची. शहरात शेण कुठून आणायचं हा प्रश्न खरा आहे, पण मानेवाडा, नंदनवन, हुडकेश्वर साइडला अजून गोठे आहेत, शोधलं की मिळतं. माझा मोठा आधी नाक धरून उभा होता आणि अर्ध्या तासाने कोपरापर्यंत शेणात. चाकोल्या बनवताना दोघं भांडत नाहीत हे मी दरवर्षी नोट करते, कशामुळे ते देवाला माहीत. होळीला दुकानात साखरेच्या गाठ्या येतात त्याही घ्या, मुलांच्या गळ्यात घालतात, संध्याकाळपर्यंत गाठी संपलेली आणि नुसता दोरा उरलेला असतो.

मग परीक्षा. तुमची शाळा सीबीएसई असेल तर मार्चमध्ये निकाल लागून १ एप्रिलपासून नवीन वर्ग सुरू, म्हणजे सुट्टी लागली असं वाटेपर्यंत परत नवीन वह्यांना कव्हरं. स्टेट बोर्ड असेल तर २०२५ पासून पहिली ते नववीच्या परीक्षा पार एप्रिलच्या शेवटापर्यंत लांबवल्यात, ते वेळापत्रक काढणाऱ्याने एप्रिलमध्ये दुपारी बाराला नागपुरात एकदा चालून बघावं एवढंच म्हणते. शाळा सकाळची असते तेवढं बरं, पण सुटायच्या वेळेला ऊन कडक झालेलं असतं, तेव्हा व्हॅनमध्ये पाठीमागे कोंबून येण्यापेक्षा जमलं तर स्वतः आणायला जा, डोक्याला दुपट्टा बांधायचा, कानासकट. मुलगे दुपट्टा बांधायला लाजतात, "मी काय मुलगी आहे का" हे आमच्याकडेही झालं. मी काही भाषण दिलं नाही, शेजारच्या बांधकामावर काम करणारे सगळे पुरुष दाखवले, एकूण एक जण डोकं-कान बांधून होता. दुसऱ्या दिवशी स्वतःच मागितला.

एप्रिलमध्ये शिबिर-बिबिर राहू द्या, रामनवमीला पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा दाखवा, संध्याकाळी चित्ररथ बघायला रस्त्याच्या दोन्ही बाजूला ही गर्दी असते, जागोजागी सरबत. लहान्याचा हात मात्र सोडू नका आणि त्याच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. १४ एप्रिलला दीक्षाभूमीला जा, तेही बघायलाच हवं नागपुरात राहताय तर.

आता खरा मुद्दा, तुम्ही विचारलंय दिवसभर गुंतवायचं कसं. माझं म्हणणं असं की गुंतवू नका. इथे मे महिन्यात दिवसाचे दोनच तुकडे वापरायचे असतात, पहाटे साडेपाच ते साडेआठ-नऊ आणि संध्याकाळी सहाच्या पुढे. मधला वेळ घरातच जातो, तो जाऊ द्यायचा. पुण्यातल्या सवयीने लोक दुपारी अकराला क्लास, तीनला क्लास असं ठेवतात आणि मग पोरं तापतात. तुमच्या मुलांना पाचला उठवा, पहिले चार दिवस रडतील, मग गच्चीवर झोपायला लागलात की आपोआप उठतात कारण सूर्यच झोपू देत नाही. सकाळी गल्लीत क्रिकेट, सायकल, अंबाझरीला चक्कर, फुटाळ्याला चक्कर, जे काय असेल ते नऊच्या आत. शिबिर घालायचंच असेल तर सकाळी सात ते नऊवालं घाला आणि त्यातही पोहायचं घाला, बाकी ते 'व्यक्तिमत्त्व विकास' वगैरे ८ वर्षांच्या पोराला कशाला हवंय मला कळत नाही, त्याचं व्यक्तिमत्त्व आधीच घराला पुरून उरलंय. पोहायच्या बॅचेस लवकर भरतात, मार्चमध्येच चौकशी करून ठेवा.

दुपारी एका खोलीत गादी खाली टाकायची, पडदे लावायचे, कूलर लावायचा आणि कॅरम, पत्ते, चिंचोक्यांचा अष्टचंग. एक पोरगा कूलरच्या जाळीपासून हातभर लांब तोंड धरून आऽऽऽ करत बसणार कारण आवाज तुटक तुटक येतो, दुसरा म्हणणार "आई, हा सगळी हवा अडवून राहिला". हे दर दुपारी. आम्ही घड्याळ लावून दिलंय, काटा अर्ध्या तासावर आला की जागा बदल, भांडण त्याने संपत नाही पण निदान भांडण घड्याळाशी होतं. मोबाईल एक तास, जेवणानंतर, बस्स. आणि हो, कंटाळा आला म्हणून येतील, येऊ द्या. कंटाळल्यावरच आमच्या धाकट्याने जुन्या खोक्यांची पूर्ण एसटी बनवली, कंडक्टर स्वतः, सासूबाई कायमच्या प्रवासी, त्यांना दोनदा उतरवून दिलं सुट्टे नाहीत म्हणून.

घरकाम द्या मुलांना, मुलगे आहेत म्हणून सोडू नका. माठ भरणं हे आमच्या मोठ्याचं काम, पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर काढणं धाकट्याचं, कोपरापर्यंत आंबट होतो आणि निम्मा गर तोंडात जातो, चालतं. आणि वाळवणं तर खास. गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं, मग वाटून गाळून सत्त्व काढायचं, पहाटे पाचला त्याचा चीक शिजवायचा. तो गरम चीक वाटीत तूप-साखर घालून दोघं गच्चीच्या पायरीवर बसून खातात, तेवढ्यासाठी कधी नव्हे ते स्वतःहून उठतात. मग खाटेवर जुनी साडी अंथरून सोऱ्याने कुरडया घालायच्या, आणि खारी-कावळे हाकलायला यांची ड्युटी, ऊन चढेपर्यंतच. खारींपेक्षा हेच जास्त खातात, अर्धवट वाळलेली कुरडई बाहेरून कडक आणि आतून चिवट लागते ती यांना फार आवडते, त्यामुळे सासूबाई आधीच हिशोबात दीड किलो गहू वाढवून घेतात. सरगुंडे (काडीवर गुंडाळून वाळवलेली गव्हाची शेवई) पण करून ठेवा, आंब्याच्या रसासोबत सरगुंडे खाल्ले नाहीत तर नागपुरात आलात कशाला. आंबा म्हणाल तर हापूसच्या मागे लागू नका, एप्रिलपासून कळमन्याच्या बाजारात बैगनपल्ली येतो, पेटी आणा, पाण्यात तासभर भिजवून पोरांना बनियनवर अंगणात बसवा. टरबूज, डांगर (इथे खरबुजाला म्हणतात) रोज.

तब्येतीचं थोडक्यात. उन्हात घोळणा फुटतो बऱ्याच मुलांचा, घाबरू नका, डोकं मागे करायचं नाही, पुढे वाकवून बसवा आणि नाकाचा मऊ भाग १० मिनिटं दाबून धरा, थांबलं नाही तर डॉक्टर. घामोळ्यांना सैल सुती कपडे, पावडरीचे थर नकोत. ओआरएस घरात ठेवा आणि पाकीट वाचून घ्या, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलंच, गोड ज्यूसच्या डब्यांवर ओआरएस लिहायला एफएसएसएआयने (सरकारची अन्न सुरक्षा संस्था) २०२५ च्या ऑक्टोबरात बंदी केलीय तरी जुनी सवय म्हणून लोक तेच मागतात. खिशात कांदा ठेवायला आमच्या सासूबाई सांगतात, ठेवतो आम्ही, कांद्याने कोणाचं वाईट झालं नाही, पण त्याच्या भरवशावर दुपारी दोनला पोराला बाहेर पाठवू नका. ताप १०४ च्या वर, अंग भट्टी, मूल असंबद्ध बोलतंय किंवा पेंगतंय, तर अंगावर पाणी ओतत ओतत सरळ दवाखान्यात, घरी थांबून बघू वगैरे करायचं नाही.

आकडे ऐकून घाबरू नका तेवढं. २०१३ च्या मे मध्ये इथे ४७.९ ची नोंद झालीय हे खरं, पण २०२४ मध्ये ५६ डिग्रीची जी बातमी फिरली होती तो रामदासपेठेतल्या एका ऑटोमॅटिक केंद्राचा सेन्सर बिघडला होता, हवामान खात्याने नंतर सांगितलं. आमचा मोठा मात्र अजून सगळ्यांना ५६ च सांगतो, कोकणातल्या आतेभावासमोर तर ५८.

आणि एसी. घ्या, पण मे साठी नाही. एप्रिल-मे मध्ये इथली हवा कोरडी असते म्हणून कूलर मस्त चालतो, पाणी उडतं आणि हवा गार होते. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपून जूनमध्ये हवेत दमटपणा आला की तोच कूलर खोली चिपचिपी करून टाकतो, आणि पाऊस लागेपर्यंतचे ते दिवस काढणं फार अवघड, पोरं रात्री झोपत नाहीत, चिडचिड करतात, आपण त्यांच्यावर करतो. एसी त्या दिवसांसाठी आणि एकाच खोलीत घ्या, तापमान २६-२७ ला ठेवा, आणि उन्हातून आल्या आल्या पोरांना त्यात शिरू देऊ नका, दहा मिनिटं पंख्याखाली बसवा.

शाळा इथे जूनच्या शेवटी उघडतात, पुण्यापेक्षा आठवडाभर तरी उशिरा, त्यामुळे पुण्याच्या नातेवाईकांची मुलं शाळेत गेली तरी तुमची घरीच असतील, आजी-आजोबांकडे जायचं असेल तर ते दिवस ठेवा. वह्या-दप्तर बर्डीवरून (सीताबर्डीचा बाजार) मे मध्येच सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या घेऊन टाका, शेवटच्या आठवड्यात दोन पोरं घेऊन बर्डीवर पार्किंग शोधणं म्हणजे, जाऊ द्या.