वाचकांचे प्रश्न : फायब्रोमायल्जिया आणि ॲक्युपंक्चर

प्रश्न : फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याच्या आजाराचं, निदान झालं आहे. त्यासाठी ड्युलोक्सेटिन ही दुखणं कमी करणारी गोळी चालू आहे, तरी सकाळी अंग आखडलेलं असतं आणि दिवसभर ठणकतं. ॲक्युपंक्चरने हा आजार बरा होतो असं ऐकलं. गोळ्या सोडून ते सुरू करू का?

उत्तर : गोळ्या सोडू नका. ड्युलोक्सेटिन अचानक बंद केलं की चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात. मग नेमकं कशाने बिघडलं, तेच कळत नाही. कमी करायचंच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

ॲक्युपंक्चरने हा आजार मुळापासून जात नाही, आणि तसं आश्वासन कोणी देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नये. इथे दोष स्नायूंत किंवा सांध्यांत नसतो. वेदनेचे संदेश हाताळणारी मेंदू आणि मज्जारज्जूची यंत्रणा अति हळवी झालेली असते. २०१३ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने ९ चाचण्यांतल्या ३९५ रुग्णांचा आढावा घेतला. उपचारच न घेणाऱ्यांच्या किंवा फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत सुया घेणाऱ्यांचं दुखणं आणि आखडलेपण कमी झालं होतं. पण नुसता आभास निर्माण करणाऱ्या नकली ॲक्युपंक्चरशी तुलना केली, तेव्हा वेदनेत फरक दिसला नाही. सुयांमधून सौम्य वीजप्रवाह दिला तर परिणाम साध्या सुयांपेक्षा चांगला असण्याची शक्यता दिसली. फायदा महिनाभर टिकला. सहा महिन्यांनी तो उरला नव्हता.

म्हणून तो महिना वाया घालवू नका. दुखणं थोडं उतरलं की लगेच चालणं किंवा पाण्यातला व्यायाम सुरू करा, अगदी ५-१० मिनिटांपासून. युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये या आजारासाठी ठाम शिफारस केली ती फक्त व्यायामाची. ॲक्युपंक्चरची शिफारस आहे, पण सौम्य.

प्रश्न : दुसऱ्यांदा सुया लावून घेतल्यावर दोन दिवस उठवत नव्हतं. हा उपचार मला सोसत नाही, असं समजायचं का?

उत्तर : इतक्यात नाही. टोचलेल्या जागा एक-दोन दिवस दुखणं, मरगळ येणं हे अनेकांना होतं. फायब्रोमायल्जियात ते जास्त जाणवतं, आणि बहुतेक वेळा मात्रा जास्त झालेली असते. पहिल्याच दिवशी १५-२० सुया, त्या फिरवून जोरात चेतवणं, पुन्हा अर्धा तास ठेवणं, हे हळव्या शरीराला झेपत नाही. पुढच्या वेळी स्पष्ट सांगा : सुया ४ ते ६ च, जाडी ०.२० मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, दुखऱ्या जागी न टोचता हातापायांवर, न फिरवता, १०-१५ मिनिटं. सोसलं तरच हळूहळू २०-३० मिनिटांपर्यंत जायचं. उपाशीपोटी जाऊ नका आणि बसून सुया लावून घेऊ नका. आडवं असलं की भोवळ येण्याचा धोका कमी असतो. मात्रा कमी करूनही लागोपाठ दोनदा दुखणं उसळलं, तर मात्र थांबा.

प्रश्न : रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर?

उत्तर : आधी सांगावं. बारीक सुया सहसा चालतात, पण खोल टोचू नये आणि सुई काढल्यावर जागा दाबून धरावी. पेसमेकर असेल तर वीजप्रवाह नको. गरोदरपण असेल तर तेही सांगा, कारण काही बिंदू तेव्हा टाळतात. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या असाव्यात आणि पाकीट तुमच्यासमोर फोडलं जावं. खांद्यावर किंवा पाठीच्या वरच्या भागात टोचल्यानंतर धाप लागली, छातीत कळ आली, तर थेट रुग्णालय गाठा, दुसऱ्या दिवशी आली तरी. सुई फुप्फुसाच्या आवरणापर्यंत गेलेली असू शकते. असं क्वचितच घडतं, पण तेव्हा वाट पाहायची नसते.

प्रश्न : किती वेळा जावं? उपयोग होतोय की नाही, कसं ओळखावं?

उत्तर : आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, अशा ६ ते ८ वेळा. सुरू करण्याआधी दोन आठवडे रोज रात्री ठरावीक वेळी वेदनेला ० ते १० मध्ये आकडा द्या आणि झोप कशी झाली तेही लिहा. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका, आठवड्याची सरासरी काढा. ती साधारण तीस टक्क्यांनी उतरली, म्हणजे ७ वरून ५ च्या आसपास आली, तर उपचाराचा उपयोग होतोय असं धरा आणि भेटींमधलं अंतर वाढवत न्या. आठव्या वेळेनंतरही आकडा हलला नाही, तर पुढच्या भेटींचे पैसे भरू नका.