तटस्थ, अलिप्त आणि आसियान

ऐरोलीच्या एका वाचक ताईंनी आसियानबद्दल, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेबद्दल, विचारलंय : "अग्रलेखात आधी 'अमेरिका-चीन संघर्षात आसियान तटस्थ आहे' असं होतं, दोन ओळींनंतर 'अलिप्त'. दोन्हींचा अर्थ एकच का?"

नाही, ताई. आणि हा फरक जपायला हवा असं मला मनापासून वाटतं.

तट म्हणजे काठ. कळव्याच्या पुलावर उभं राहून खाडी बघणारा तो तटस्थ. मत न देणाऱ्यालाही आपण हाच शब्द लावतो. आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या इतिवृत्तात 'बाजूने १२, विरोधात ४, तटस्थ २' असंच लिहितात.

अलिप्त मात्र काठावर नसतो. 'लिप्' म्हणजे माखणं; लेप, लिंपणं ही त्याचीच भावंडं. खाडीच्या चिखलात उतरलेला कोळी लिप्त होतोच. पाण्यात राहूनही न भिजणारं गीतेतलं कमळाचं पान, ते अलिप्त. १९६१ साली बेलग्रेडला अमेरिका किंवा सोव्हिएत अशा कुठल्याच गटात न जाणाऱ्या देशांची जी चळवळ उभी राहिली, तिला हिंदीने 'गुटनिरपेक्ष' म्हटलं, मराठीने 'अलिप्त'. मला आपला शब्द जास्त नेमका वाटतो. नेहरूंना जगाच्या व्यवहारातून अंग काढून घ्यायचं नव्हतंच.

आता आसियान. १९७१ च्या क्वालालंपूर जाहीरनाम्यात आग्नेय आशिया हे 'शांतता, स्वातंत्र्य आणि तटस्थतेचं क्षेत्र' व्हावं असं म्हटलं होतं, तिथे तो शब्द चपखल. आजच्या संघटनेला तो सरसकट लावू नये. फिलिपिन्सचा अमेरिकेशी १९५१ पासून संरक्षण करार आहे. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांत युक्रेनवरच्या रशियन हल्ल्याच्या निषेधाचा ठराव आला, तेव्हा आसियानच्या त्या वेळच्या दहा देशांपैकी व्हिएतनाम आणि लाओस एवढेच तटस्थ राहिले. बाकी आठांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं. दक्षिण चिनी समुद्रात तर फिलिपिन्स, व्हिएतनाम, मलेशिया, ब्रुनेई यांचे चीनच्या दाव्यांशी टकरणारे स्वतःचेच दावे आहेत. वाद दारात आल्यावर उभं राहायला काठ कुठून आणायचा? आणि करारांनी, दाव्यांनी असं बांधलेल्याला अलिप्तही कसं म्हणावं?

'मध्यस्थ' म्हणावं, तर तो भांडण मिटवतो. आसियान बैठक भरवते. २००५ साली सुरू झालेल्या पूर्व आशिया परिषदेत चीन पहिल्यापासून आहे, अमेरिका आणि रशिया २०११ मध्ये आले. यजमानपद आसियानकडेच राहिलं. आसियान स्वतः ज्या भूमिकेचा आग्रह धरते, तिला मराठीत 'मध्यवर्ती' हा साधा शब्द आहे. अग्रलेखातलं वाक्य मी असं लिहिलं असतं : 'अमेरिका-चीन संघर्षात आसियान मध्यवर्ती राहू पाहते आहे.'