हर्षल हा ग्रह आला कुठून? ग्रहांच्या नावांबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: बुध, शुक्र, मंगळ ही जुनी नावं आहेत हे कळतं, पण पत्रिकेत ‘हर्षल’ नावाचा एक ग्रह असतो तो कुठला? हे संस्कृत नाव आहे का?

उत्तर: वाटतं खरं अगदी संस्कृत, हर्ष वगैरे, पण हे चक्क एका माणसाचं आडनाव आहे! विल्यम हर्शेल, मूळचा जर्मन, इंग्लंडमधल्या बाथ शहरात ऑर्गन वाजवायचा आणि रात्री स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून आकाश बघत बसायचा. १३ मार्च १७८१ ला त्याला एक ठिपका दिसला, पण ताऱ्यासारखा नुसता बिंदू नाही तर बारीकशी चकती, आणि चार दिवसांनी परत बघितलं तर ती सरकलेली. त्याला आधी वाटलं धूमकेतू असेल, मग इतरांनी कक्षेचं गणित मांडलं आणि कळलं की हा तर शनीच्याही पलीकडचा ग्रह आहे.

मग सुरू झाला नावाचा घोळ. हर्शेलने राजा तिसरा जॉर्ज याच्या नावाने ‘जॉर्जचा तारा’ असं सुचवलं (मस्का म्हणा हवं तर), ते इंग्लंडबाहेर कुणाला पटणार? फ्रान्समध्ये त्याला हर्शेलच म्हणायला लागले. योहान बोडे या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने युरेनस सुचवलं, कारण रोमन कथांमध्ये ज्युपिटरचा (म्हणजे आपला गुरू) बाप सॅटर्न (म्हणजे शनी), मग सॅटर्नच्या पुढच्या ग्रहाला सॅटर्नच्या बापाचं नाव, म्हणजे वंशावळ जमली. शेवटी जगभर तेच टिकलं. आपल्याकडे ज्योतिषात मात्र हर्शेलचा हर्षल झाला तो झालाच. जुन्या पुस्तकांत याच ग्रहाला प्रजापती म्हटलंय आणि हिंदीवाले अरुण म्हणतात, त्यामुळे गोंधळ होणारच.

प्रश्न: शनीच्या नावाचा अर्थ वाईट आहे का?

उत्तर: अजिबात नाही हो. शनैश्चर म्हणजे हळूहळू चालणारा, बस इतकंच. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं मुक्काम, आणि तीन राशींची मिळून साडेसात. साडेसातीतला साडेसातचा आकडा येतो तो असा. दुर्बीण नसताना लोकांनी हे नुसत्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं बघून ठरवलं, मला तर याचंच जास्त कौतुक वाटतं. मंगळाचंही तसंच, त्याला अंगारक म्हणजे निखारा आणि लोहितांग म्हणजे लाल अंगाचा अशी नावं आहेत, आणि तो लाल दिसतो तो तिथल्या मातीतल्या गंजलेल्या लोखंडामुळे.

प्रश्न: पृथ्वी हे कुठल्या देवीचं नाव?

उत्तर: देवी मानतातच, पण शब्दाचा अर्थ साधा आहे, विस्तीर्ण, पसरलेली. इंग्रजीतलं ‘Earth’ हे नाव म्हणजे तर नुसतं जमीन किंवा माती. उरलेल्या सातही ग्रहांना इंग्रजीत देवांची नावं आहेत, आपलाच तेवढा राहिला.