पहिल्या सहा आठवड्यांत त्याने काहीही करू नये

आपला २४ वर्षांचा भाचा एका कॅथलिक मिशनरी संघातर्फे पुढील महिन्यात टांझानियाला जात आहे. पहिल्या काही आठवड्यांत त्याने नेमके काय करावे आणि घरच्यांनी त्याला रोज फोन करावा का, असे आपण विचारले आहे. मी त्याच वयाचा असताना, जानेवारी १९९२ मध्ये, त्याच देशात ब्रदर म्हणून, म्हणजे धर्मगुरूची दीक्षा न झालेला धर्मबंधू म्हणून गेलो होतो. पुढे दीक्षा घेऊन फादर झालो आणि एकूण १४ वर्षे तिथे राहिलो. आपल्या प्रश्नातले 'काय करावे' हे शब्द वाचले आणि मला माझे तेथील वरिष्ठ आठवले, कारण माझ्याविषयी मुंबईला पाठवलेल्या पहिल्या अहवालात त्यांनी 'पहिल्या सहा आठवड्यांत उल्लेखनीय कार्य नाही' असे वाक्य लिहिले होते. ते मला तीन वर्षांनी कळले आणि आजही पचलेले नाही. म्हणून माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: पहिल्या सहा आठवड्यांत आपल्या भाच्याने काहीही करू नये, आणि त्याचे वरिष्ठ काही करायला लावत असतील तर नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा.

मी स्वतः काय 'केले नाही' ते सांगतो. मला मुसोमा शहराजवळ मकोको येथे, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मेरीनॉल या अमेरिकन मिशनरी संघाच्या फादरांनी चालवलेल्या भाषाशाळेत स्वाहिली शिकायला पाठवले होते. अभ्यासक्रम सुमारे चार महिन्यांचा होता. पहिल्या आठवड्यातच माझी अशी समजूत झाली की, ही भाषा आपल्याला निम्मी येतेच. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', लाखाला 'लाकी', आंब्याला 'एंबे', मेजाला 'मेझा', आणि चपातीला तर चपातीच. आपण शब्दाच्या शेपटीला प्रत्यय लावतो आणि हे लोक डोक्याला लावतात, म्हणजे 'म्तोतो' हे एक मूल आणि 'वातोतो' ही अनेक मुले, एवढे कळल्यावर मला आपण पंडित झाल्यासारखे वाटू लागले होते.

नवव्या दिवशी रविवार होता. आदल्या रात्री फलकावर सूचना लागली की मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला नेणारी गाडी 'सा मोजा' म्हणजे एक वाजता निघेल. मी सकाळी निवांत कपडे धुतले. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे 'एक' म्हणजे आपले सकाळचे सात, हे मला गाडी निघून गेल्यावर दीड तासाने स्वयंपाकघरातल्या बाईंनी सांगितले. आपल्याकडे पूर्वी घटका सूर्योदयापासूनच मोजत असत, त्यामुळे मला हे चटकन उमगायला हवे होते. पण घटका आपल्याकडे आता फक्त लग्नपत्रिकेपुरत्या उरल्या आहेत.

रविवारची मिस्सा चुकवायची नाही म्हणून मी एकटाच पायी शहराकडे निघालो. आठवड्याभरापूर्वी बसमधून येताना कंडक्टरने एका थांब्यावर 'गेरेझा, गेरेझा' असा पुकारा केलेला मी ऐकला होता. मी वसईच्या पाचूबंदरचा, कोळ्याचा मुलगा. किल्ल्यातल्या पोर्तुगीज चर्चांच्या पडक्या भिंतींमध्ये आम्ही लपाछपी खेळलो आहोत, आणि सेमिनरीची, म्हणजे धर्मगुरूच्या शिक्षणाची दोन वर्षे गोव्यात काढल्यामुळे 'इगर्ज' हा शब्दही कानात बसलेला होता. पोर्तुगीज 'इग्रेजा', कोकणीतले 'इगर्ज', आपला 'गिरजा' आणि हा 'गेरेझा' एकाच घरातले, हे मी क्षणात ताडले. रस्त्यात एक वृद्ध गृहस्थ सायकल हातात धरून चालले होते. त्यांना मी मोठ्या आत्मविश्वासाने विचारले, 'गेरेझा इको वापी?' म्हणजे गेरेझा कुठे आहे? ते थांबले, त्यांनी माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे पाहिले, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, 'पोले, पोले साना.' दुःखात असलेल्या माणसाला तिथे असे म्हणतात. मला वाटले, उन्हातून पायी चाललो आहे म्हणून म्हणत असतील. वाटेत त्यांनी आणखी दोन बायकांना काहीतरी सांगितले, त्याही 'पोले' म्हणाल्या, आणि अशी चौघांची वरात एका उंच भिंतीच्या फाटकापाशी येऊन पोहोचली, तिथे बंदूकधारी शिपाई उभा होता.

माझे व्युत्पत्तिशास्त्र बरोबर होते, हे मी आजही अभिमानाने सांगतो. 'गेरेझा' खरोखरच 'इग्रेजा'पासून आला आहे. पोर्तुगीजांच्या किल्ल्यात चर्चही असे आणि बंदीही असत, त्यातून शब्दाचा अर्थ घसरला असे सांगतात. स्वाहिलीत गेरेझा म्हणजे तुरुंग, आणि चर्चला 'कनीसा' म्हणतात. माझा कोणी जवळचा माणूस आत आहे आणि हा परदेशी पोरगा बिचारा त्याला भेटायला आला आहे, अशी त्या तिघांची समजूत झाली होती. शिपायाला मी हातवारे करून, मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितले की, आमच्याकडे याला देवाचे घर म्हणतात. तो इतका हसला की त्याने बंदूक भिंतीला टेकवून ठेवली. नंतर त्याने माझे वाक्य दुरुस्त केले: 'इको' नव्हे, 'लिको'. गेरेझा आणि कनीसा हे दोन्ही शब्द नामांच्या एकाच गटातले असल्यामुळे दोघांनाही 'लिको' लागते, म्हणजे व्याकरणापुरते तरी तुरुंग आणि चर्च तिथे एकाच रांगेत बसतात. मिस्सा अर्थातच चुकली.

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सर्वत्र झाली आणि मला 'ब्रुदा वा गेरेझा', म्हणजे तुरुंगाचा ब्रदर, असे नाव पडले. वरिष्ठांना ती बेअब्रू वाटली. मला मात्र त्या नावाने सगळी दारे उघडली. दुपारी वर्ग सुटल्यावर मी वही घेऊन सरोवराच्या काठावर जाऊ लागलो, तिथे बायका वाळूवर बोटाएवढी चंदेरी मासळी पसरून वाळवत असत. अंधाऱ्या रात्री होड्यांतून दिवे पेटवून ही मासळी धरतात आणि सकाळी काठावर आणतात. तिचे नाव 'दगा'. आपल्या भाषेत या शब्दाने काही भलतेच सुचते, पण त्या दग्याने मला कधी दगा दिला नाही. तो वास नाकात शिरला की मी थेट पाचूबंदरला, आईने पसरलेल्या जवळ्यापाशी आणि बोंबलांच्या वलांडीपाशी पोहोचत असे. मी न विचारता खाली बसलो आणि पालथ्या हाताने मासळी उलटी करू लागलो, तेव्हा बायकांनी आधी एकमेकींकडे आणि मग माझ्या हाताकडे पाहिले. फादर होऊ घातलेल्या माणसाला हे काम येते, हे त्यांच्या कल्पनेबाहेरचे होते. ओले, सुके, अर्धे वाळलेले, कुजके, कालचे, उद्याचे, महाग, फुकट हे सगळे शब्द मला त्या वाळूत मिळाले. वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणायचे आणि त्यांनी 'मराहाबा' म्हटल्याशिवाय पुढे बोलायचे नाही, हेही तिथेच अंगवळणी पडले. 'शिकामू'चा मूळ अर्थ 'मी आपले पाय धरतो' असा सांगतात, म्हणजे आपले 'पाया पडतो'च. वरिष्ठांचे म्हणणे असे की, मासळीवाल्या बायकांना ब्रदरने शिकामू करणे संघाला शोभत नाही. मी आईच्या वयाच्या बाईच्या पाया पडायला लाजलो नसतो, मग शिकामूला का लाजावे?

सहाव्या आठवड्यात मला भाषाशाळेतून उचलून आतल्या भागातल्या एका शाळेच्या बांधकामावर देखरेखीसाठी नेण्यात आले. मार्चमध्ये मोठा पाऊस सुरू होतो, त्याआधी छप्पर घालायचे होते. 'भाषा काम करताना येते,' हे वरिष्ठांचे वाक्य. तिसऱ्याच दिवशी एक प्रौढ गवंडी पाठमोरा काम करत होता, त्याचे नाव मला आठवेना, म्हणून मी त्याला 'वेवे!' अशी हाक मारली. पुस्तकात 'वेवे' म्हणजे 'तू' किंवा 'तुम्ही' एवढेच होते. हाक म्हणून तो शब्द किती उद्धट आहे, हे मला माहीत नव्हते. आपल्याकडे वयस्क मिस्त्रीला 'ए, इकडे ये' म्हणण्यासारखे ते होते. त्या माणसाने थापी पाण्यात धुतली, फडक्याने पुसली, पिशवीत घातली आणि तो घरी निघून गेला. त्याच्यामागोमाग त्याचे दोन मदतनीसही गेले. मी त्याच्या घरी जाऊन अंगणात बसलो, शिकामू केला. मराहाबा यायला दोन दिवस लागले. एकूण चार दिवस काम बंद राहिले. वरिष्ठांनी त्या चार दिवसांचे खापर माझ्यावर फोडले. माझे म्हणणे तेव्हाही होते आणि आजही आहे की, 'म्झे' म्हणजे वडीलधारे गृहस्थ, ही हाक मी भाषाशाळेत आणखी राहिलो असतो तर मला अंगवळणी पडली असती आणि ते चार दिवस वाचले असते.

गंमत अशी की, हेच वरिष्ठ प्रत्येक ५ फेब्रुवारीला आम्हाला संत गोन्सालो गार्सिया यांच्यावर प्रवचन देत. वसईत जन्मलेला हा माणूस १५९७ मध्ये त्याच तारखेला नागासाकी येथे क्रुसावर भाल्यांनी भोसकून मारला गेला आणि १८६२ मध्ये संत घोषित झाला. प्रवचनात नेहमी भाले असत आणि रक्त असे. परंतु गोन्सालो फादर नव्हते, ते तेव्हाच्या माझ्यासारखे ब्रदर होते. ते आधी जपानमध्ये राहिले होते आणि फ्रान्सिस्कन त्यांना १५९३ मध्ये जपानला घेऊन गेले ते त्यांना जपानी येत होते म्हणून, दुभाष्या म्हणून. भाल्यांच्या आधीची ती जपानी भाषा त्यांना कोणी दीड महिन्यात बांधकामावर शिकवली नव्हती. हा मुद्दा मी एकदा जेवणाच्या टेबलावर मांडला होता आणि त्यानंतर आमचे बोलणे आठवडाभर बंद होते.

वरिष्ठांची बाजूही सांगायला हवी. ते माझ्याआधी ११ वर्षे तिथे राबत होते, पैसा मोजका होता आणि पावसाआधी छप्पर झाले नसते तर मुलांना झाडाखाली बसावे लागले असते, हे खरे आहे. आपला भाचा परिचारक किंवा डॉक्टर म्हणून रुग्णालयात जात असेल तर माझा सल्ला त्याला जसाच्या तसा लागू पडणार नाही. रुग्ण भाषेसाठी थांबत नाही. शिवाय माझा अनुभव एका संघाचा आणि ३० हून अधिक वर्षांपूर्वीचा आहे.

आता फोनविषयी. आम्हाला फोन नव्हताच. पत्राला तीन आठवडे लागत. माझ्या आईला लिहिता येत नव्हते, ती शेजारच्या मुलीकडून लिहून घेत असे, आणि तिच्या पहिल्या पत्रात एकच प्रश्न होता की तिथे मासळी मिळते का. रोज फोन अजिबात करू नये. रोज रात्री जो मुलगा मराठीत रडतो तो सकाळी स्वाहिलीत हसू शकत नाही, असे मी माझ्यानंतर आलेल्या तरुणांमध्ये पाहिले आहे. रविवारी एकदा करावा, आणि त्या वेळी 'आज काय काम केलेस' हे सोडून काहीही विचारावे.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र जपून ठेवावे, परतताना भारतातल्या विमानतळावर ते मागू शकतात. मच्छरदाणीचा कंटाळा करू नये. मला चौथ्याच आठवड्यात मलेरिया झाला होता, तेही वरिष्ठांनी आळसातच जमा केले. सामानात सुका जवळा मात्र भरून देऊ नका. तिथे दगा मिळतो, आणि तो तिथल्याच बाईकडून विकत घेतलेला बरा.