वाचकांचे प्रश्न : पाहिलेले, ऐकलेले आणि कल्पिलेले

प्रश्न : स. न. मी इंदूरच्या रामबाग भागात राहते. आमच्या वाचन मंडळासाठी अलीकडे मी चार पुस्तके वाचली : विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आणि विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी. ‘माझा प्रवास’मध्ये आपल्या शेजारच्या महूचे नाव आले तेव्हा फार बरे वाटले, पण त्या वाटेवर शिपायांनी भटजींना सांगितलेली हकीगत मला पटेना, आणि मग पुढच्या झाशीच्या वर्णनावरचाही विश्वास डळमळला. ‘युगान्त’मधील भीष्माची चिकित्सा कठोर वाटली. उलट ‘रणांगण’ काल्पनिक असूनही सर्वांत खरे वाटले. असे वाटण्यात काही गैर आहे का? आणि मंडळात बोलण्यापूर्वी या पुस्तकांवरची समीक्षा वाचून घ्यावी का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे, मात्र तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. विष्णुभट कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळेल या आशेने पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे निघाले, 1857 च्या धामधुमीत सापडले आणि ही हकीगत त्यांनी सुमारे 25 वर्षांनी, आठवणीवर विसंबून लिहून काढली. महूच्या वाटेवर भेटलेल्या शिपायांनी त्यांना सांगितले की इंग्रजांनी राजेरजवाड्यांची सभा भरवून धर्म बुडविणारे कायदे त्यांच्यापुढे ठेवले. अशी सभा भरल्याला इतिहासाचा आधार नाही, आणि भटजींनीही ती पाहिल्याचे म्हटलेले नाही. शिपायांनी सांगितले ते त्यांनी शिपायांच्या तोंडूनच आपल्याला ऐकविले. पुढे 1 जुलै 1857 रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि महूची पलटणही उठली, ही तारीख सरकारी कागदांतून मिळते. पण उठणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी काय घोळत होते, हे ज्या थोड्या ठिकाणी मराठीत वाचायला मिळते, त्यांपैकी ते एक पान आहे. बातमी म्हणून ते खोटे असेल, पण अफवेची नोंद म्हणून ते अस्सल आहे.

झाशीची गोष्ट निराळी, कारण तिथे भटजी स्वतः वेढ्यात अडकले होते. काल्पीच्या वाटेवरचा विहिरीचा प्रसंग पुन्हा काढून पाहा. पराभवानंतर तहानेने व्याकूळ झालेली राणी तिथे येते, भटजी पाणी शेंदायला पुढे होतात आणि ती त्यांना थांबविते : तुम्ही विद्वान ब्राह्मण, मजसाठी पाणी काढू नका. मग स्वतःच मडक्याने पाणी शेंदून ती ओंजळीने पिते. पंचवीस वर्षांनी एखादा शब्द मागेपुढे झाला असेल. परंतु युद्धात सर्वस्व हरलेल्या बाईलाही ब्राह्मणाकडून पाणी शेंदून घेणे प्रशस्त वाटू नये, हा तपशील रचण्याची भटजींना काही गरज नव्हती. (राणीचा जयजयकार करायला बसलेल्या लेखकाने तिच्या तोंडी याहून भारदस्त भाषण घातले असते.) तेव्हा एका ऐकीव हकीगतीची शिक्षा डोळ्यांनी पाहिलेल्या प्रसंगाला देऊ नये.

‘युगान्त’कडे याच नजरेने पाहावे, म्हणजे आपली तक्रार थोडी निवळेल, असे वाटते. 1967 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार आहे. भीष्मावर बाई कठोर आहेत हे खरे. परंतु अंबेचे झालेले हाल, आंधळ्या पतीशी लग्न लावून दिलेली गांधारी, भर सभेत द्रौपदीची विटंबना होत असताना तिला न मिळालेला आधार, यांतले काहीही त्यांनी पदरचे घातलेले नाही. आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकलेला भीष्म मनात धरून वाचतो, म्हणून ते अधिक बोचते. पदरचे घालायचे तेव्हा बाई तसे सांगून घालतात. द्रौपदीच्या अखेरच्या क्षणी भीम तिच्याजवळ येतो आणि ती त्याला पुढच्या जन्मी थोरला हो म्हणते, हा भाग महाभारतातला नसून आपल्या कल्पनेतला आहे, हे त्या वाचकापासून लपवीत नाहीत. वैचारिक लेखनात मला याहून मोठा प्रामाणिकपणा ठाऊक नाही.

‘स्मृतिचित्रे’विषयी आपण काही विचारलेले नाही, तेव्हा एवढेच म्हणतो की सोवळ्याच्या वेडापायी घरादाराला जेरीस आणणाऱ्या वडिलांविषयी इतक्या खेळकरपणे लिहिणारी लेखिका आठवणीत फेरफार करील, ही शंका वाचताना मनाला शिवतही नाही.

‘रणांगण’ खरे वाटण्यात गैर काहीच नाही. कादंबरीला साक्षीपुरावा मागायचा नसतो. तिने आपल्या हद्दीत स्वतःशी खोटे बोलू नये, इतकेच पाहायचे. 1939 च्या या लहानशा कादंबरीची हद्द म्हणजे युरोपातून पूर्वेकडे निघालेली, ज्यू निर्वासित घेऊन येणारी एक बोट. मुंबई आली की नायक चक्रधर उतरणार आणि त्याच्या प्रेमात पडलेल्या निर्वासित हॅर्टाला पुढे जावे लागणार, हे दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक आहे, आणि बेडेकर त्यांना कोणतीही खोटी सुटका देत नाहीत. आपल्याला जे खरे वाटले ते बहुधा हेच. मात्र या कसोटीवर ‘माझा प्रवास’ला ‘रणांगण’च्या खाली बसविणे अन्यायाचे होईल, कारण भटजींना प्रसंग निवडण्याची आणि शेवट ठरविण्याची मोकळीक नव्हती.

समीक्षा बोलण्यानंतर वाचावी, असे माझे मत आहे. आधी वाचली तर आपल्या तोंडून दुसऱ्याचेच शब्द येतात, आणि मंडळातील जुन्या सभासदांनी ते आधीच वाचलेले असतात. त्यापेक्षा प्रत्येक पुस्तकातील एकेक पान निवडून मोठ्याने वाचावे आणि तिथे आपण का थांबलो ते सांगावे. पटले नाही ते पानही वाचावे, शिपायांचे तर अवश्य. त्यापूर्वी आपल्या हातातील ‘माझा प्रवास’ची प्रत कोणती आहे, ते पाहून घ्या. चिंतामणराव वैद्य यांनी 1907 मध्ये छापलेल्या पुस्तकात मूळ मजकुरावर संपादकाचा हात फिरलेला होता, तर दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती काढली. भटजींच्या शब्दांवर वाद घालायचा असेल तर पोतदारांची प्रत हाताशी असलेली बरी.