एसीटीचं रीडिंग आणि सायन्स: वेळ नेमका कुठे जातो

तुम्ही लिहिलंय की मुलगी अकरावीत आहे, एसीटीत (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत) इंग्लिश आणि मॅथला 36 पैकी 32-33 मिळतात, पण रीडिंग 26 आणि सायन्स 25 च्या पुढे सरकत नाही. दोन्हीकडे शेवटचा उतारा राहून जातो, तर वाचनाचा वेग कसा वाढवायचा? वेगाच्या मागे लागण्याआधी वेळ कुठे गळतोय ते शोधा. बहुतेक मुलांचा वेळ वाचनात जात नाही, दोन पर्यायांमध्ये घुटमळण्यात जातो.

आधी परीक्षेचं स्वरूप पक्कं करा. 2025 पासून आलेल्या नव्या एसीटीत रीडिंगला 40 मिनिटांत 36 प्रश्न आहेत, म्हणजे चार उतारे आणि प्रत्येकी नऊ प्रश्न. सायन्सला 40 मिनिटांत 40 प्रश्न, आणि तो विभाग आता ऐच्छिक आहे. कंपोझिट, म्हणजे एकूण गुण, इंग्लिश, मॅथ आणि रीडिंग या तिघांच्याच सरासरीने निघतो. जुन्या स्वरूपात या दोन्ही विभागांना 35 मिनिटांत 40 प्रश्न असायचे. घरात जुने पेपर असतील तर टाकू नका, फक्त वेळ बदला. जुन्या रीडिंगच्या दहा प्रश्नांच्या उताऱ्याला 11 मिनिटं द्या, आणि सायन्समध्ये जितके प्रश्न तितकी मिनिटं. जुन्या वेळेत सराव केला तर नसती घाई अंगवळणी पडते. आणखी एक, रीडिंगच्या 36 पैकी 27 प्रश्नच गुणांत धरतात आणि ते कुठले हे कळत नाही. 36 पर्यंतची पट्टी 27 प्रश्नांवर बसवलेली असल्याने सरासरी एका प्रश्नाची किंमत एका गुणाहून जास्त पडते. त्यामुळे 26 वरून 30 ला जायला थोडेच प्रश्न सुधारावे लागतात.

निदानासाठी एक पूर्ण रीडिंग विभाग घड्याळ लावून सोडवायला द्या. 40 मिनिटं संपली की उत्तरं न तपासता, राहिलेले आणि शंकेचे प्रश्न वेगळ्या रंगाच्या पेनाने, वेळेचं बंधन न ठेवता पुन्हा सोडवायचे. मग दोन्ही रंगांचे गुण वेगळे मोजा. दुसऱ्या फेरीत 33-34 बरोबर आले तर अडचण खरोखर वेळेची आहे. तिथेही 28 वरच थांबली तर पर्याय पारखण्यात चूक होतेय, आणि वेग वाढवला तर चुकाही वाढतील.

एका उताऱ्याच्या दहा मिनिटांपैकी साडेतीन-चार वाचायला, उरलेली प्रश्नांना. पहिल्या वाचनात तपशील पाठ करायचे नाहीत. प्रत्येक परिच्छेद संपला की तिथे काय आहे ते तीन-चार शब्दांत मनाशी म्हणायचं: ‘धरणाला विरोध’, ‘नवी पद्धत’, ‘लेखिकेची शंका’. प्रश्न आला की कुठल्या परिच्छेदात जायचं हे तेव्हाच ठरतं. ही सवय नसेल तर मूल दर प्रश्नाला उतारा वरून चाळत बसतं, आणि तिथेच मिनिटं जातात. पूर्ण उताऱ्याच्या आशयावरचा प्रश्न पहिला असला तरी शेवटी सोडवावा, तोवर उतारा नीट बसलेला असतो. जोड-उतारा, म्हणजे एकत्र दिलेले दोन छोटे उतारे, असेल तर पहिला वाचून त्याचे प्रश्न, मग दुसरा वाचून त्याचे, आणि दोन्हींवरचे सगळ्यात शेवटी.

आता पर्यायांकडे. समजा उताऱ्यात म्हटलंय, ‘समितीने सुरुवातीला अहवाल बाजूला ठेवला, पण पुढे दोन सदस्यांनी त्यातलेच आकडे वापरले.’ पर्याय आहे, ‘समितीने अहवाल एकमताने फेटाळला.’ वाचताना हा बरोबरच वाटतो, पण ‘एकमताने’ला उताऱ्यात कुठेही आधार नाही. चुकीचे पर्याय बहुधा असेच असतात: एखादा शब्द जास्तीचा, किंवा कारण आणि परिणाम उलटे, किंवा विधान खरं पण विचारलेल्या प्रश्नाचं नाही. ‘कुठला जास्त योग्य’ असं घोळत बसण्यापेक्षा ‘यातला कुठला शब्द खोटा’ असं विचारायला शिकवा. 20-25 सेकंदांत आधाराची ओळ सापडली नाही तर एक उत्तर नोंदवून, खूण करून पुढे जायचं. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

सायन्सचा बराचसा भाग तक्ते आणि आलेख वाचण्याचा आहे. तिथे प्रस्तावना शांतपणे वाचत बसणं महागात पडतं. आधी अक्ष, एककं आणि रेषांची सूची पाहायची, मग थेट प्रश्न. उदाहरणार्थ, 100 ग्रॅम पाण्यात पोटॅशियम नायट्रेट 20 अंश सेल्सिअसला सुमारे 32 ग्रॅम, 40 ला 64 आणि 60 ला 110 विरघळतं असा तक्ता आहे. 50 अंशांना किती? 64 आणि 110 च्या मधे, एवढंच. सूत्र लागत नाही. 60 अंशांचं संपृक्त द्रावण 40 पर्यंत थंड केलं तर किती तळाशी बसेल? 110 वजा 64, म्हणजे 46 ग्रॅम. घोटाळा होतो तो डाव्या आणि उजव्या अक्षाला वेगळी मोजपट्टी असते तेव्हा, किंवा प्रश्नात ‘प्रयोग 2’ म्हटलेलं असताना नजर प्रयोग 1 च्या तक्त्यावर असते तेव्हा. प्रश्नातला आकृतीचा क्रमांक आधी बोटाने दाबून ठेवायचा, ही साधी सवय मला फार मोलाची वाटते.

याला अपवाद म्हणजे दोन-तीन शास्त्रज्ञांची परस्परविरोधी मतं देणारा उतारा. तो रीडिंगसारखाच पूर्ण वाचावा लागतो, म्हणून तो शेवटी घ्यावा. मोजके प्रश्न बाहेरच्या माहितीवरही असतात: पीएच, घनता, प्रकाशसंश्लेषण, पेशीचे भाग, केल्व्हिन. शाळेतल्या वह्या एकदा उलटल्या तरी तेवढं भागतं.

आठवड्याला दोन-तीन सुटे उतारे वेळ लावून आणि एक पूर्ण विभाग, एवढा सराव पुरे. त्याहून जास्त वेळ चुकांच्या वहीला द्या. प्रत्येक चुकीपुढे ‘लक्ष दिलं नाही’ असं मोघम लिहू देऊ नका. कुठल्या शब्दाने फसवलं, किंवा कुठली ओळ सापडली नाही, ते लिहायचं. परीक्षेआधीच्या दोन-तीन शनिवारी मात्र सकाळी पूर्ण पेपर, त्याच क्रमाने. रीडिंग येतं ते 35 मिनिटांच्या इंग्लिशनंतर आणि 50 मिनिटांच्या मॅथनंतर, आणि सायन्स त्याच्याही पुढे. संध्याकाळी ताज्या डोक्याने सोडवलेल्या एकट्या रीडिंगचे गुण परीक्षेच्या दिवशी मिळतीलच असं समजू नका.