वाचकांचे प्रश्न : गांधीनगर आधी काय होतं?

प्रश्न : व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय की दुसऱ्या महायुद्धात जामनगरच्या राजांनी पोलंडची मुलं सांभाळली ती आपल्या कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात. घरचे म्हणतात गांधीनगर सिंधी लोकांनी वसवलं. आजी म्हणायची तिथं गोरी माणसं राहायची. नक्की खरं काय?
— एक वाचक, उचगाव

उत्तर : आजीचंही खरं आणि घरच्यांचंही खरं, मेसेजमध्ये मात्र दोन जागांची सरमिसळ झालीय. जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी मुलांना आसरा दिला तो जामनगरजवळ बालाचडीला. आपल्याकडचा कॅम्प वळिवड्याचा, म्हणजे आज गांधीनगर आहे तिथला, १९४३ ला सुरू झालेला आणि बालाचडीपेक्षा खूप मोठा, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांचा, त्यात बायका आणि पोरंच जास्त.

आणि ही माणसं म्हणजे इंग्रज नव्हेत की युद्धकैदीही नव्हेत, हे आवर्जून सांगतो कारण हा गैरसमज अजून आहे. १९३९ ला पोलंडवर एका बाजूनं जर्मनी आणि दुसऱ्या बाजूनं रशिया चालून आले, मग रशियानं पूर्व पोलंडमधल्या लोकांना घरातनं उचलून सायबेरिया, कझाकस्तानकडं धाडलं. थंडीनं, उपासमारीनं कितीतरी मेले. १९४१ ला हिटलर रशियावर उलटला तेव्हा यांची सुटका झाली, पुरुष पोलिश सैन्यात गेले आणि बायकापोरं १९४२ मध्ये इराणात आली, तिथनं पुढं कोणी आफ्रिकेत, कोणी भारतात. वळिवडं कोल्हापूर-मिरज रेल्वेलाइनवरचं, शेजारी पंचगंगा. खर्च लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार करायचं. ओळीनं कौलारू बराकी, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकं, स्काउट, म्हणजे चक्क एक पोलिश गावच उभं राहिलं होतं करवीर तालुक्यात! एका पोलिश मुलीनं तर कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केलं आणि जन्मभर इथंच राहिली.

युद्ध संपलं तरी बहुतेकांना परत जायला घरच उरलं नव्हतं, त्यांचा मुलूख सोव्हिएत रशियाकडं गेलेला. मग १९४७-४८ मध्ये इंग्लंड वगैरे मिळेल तिकडं गेले आणि कॅम्प बंद झाला.

त्याच सुमाराला फाळणी झाली. पंजाब, बंगालचे निदान दोन भाग झाले, सिंध अख्खा पाकिस्तानात गेला, त्यामुळं तिथल्या हिंदूंना आपलं म्हणावं असं राज्यच राहिलं नाही. या सिंधी निर्वासितांसाठी कल्याणच्या लष्करी छावणीत उल्हासनगर झालं तसं वळिवड्याच्या बराकींत गांधीनगर. हातात काही नसताना या लोकांनी धंदा उभा केला आणि आज होलसेल कापड म्हटलं की सांगली, बेळगाव, कोकणातले दुकानदारही इकडंच येतात, बाजार तर उचगाव, गडमुडशिंगीच्या हद्दीत पसरलाय. मला विचाराल तर गांधीनगरचा इतिहास १९४३ पासनंच सांगायला हवा, दोन्ही वेळा घरदार गमावलेली माणसंच इथं आली, एकांना सोडून दुसऱ्यांचंच सांगणं अर्धवट वाटतं.

प्रश्न : त्या पोलिश लोकांची काही खूण आहे का कोल्हापुरात?

उत्तर : आहे की. महावीर उद्यानात स्मारकस्तंभ आहे, आणि इथंच वारलेल्या पोलिश लोकांची दफनभूमीही आहे. लहानपणी कॅम्पात राहिलेली माणसं पुढं म्हातारपणी परदेशातनं खास कोल्हापूर बघायला आलीत. पोलंडची राजधानी वॉर्सातही वळिवडे-कोल्हापूर कॅम्पचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी पोलंडला गेले तेव्हा त्यांनी तिथं फुलं वाहिली होती.